तीन एकर ठिपके

१

गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी पुन्हा एकदा येतोच येतो, हे गुन्हेशास्त्राचं सनातन सत्य आहे. लिंबारवाडीत ते पडताळून बघायची सोय नव्हती, कारण सोमवारी सकाळी दहापर्यंत गुन्ह्याच्या जागी सगळं गावच येऊन गेलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी जाताना एकेक टरबूज उचललं होतं.

गुन्ह्याची जागा म्हणजे विजयसिंहांचं तीन एकर टरबूज. बीड जिल्ह्यात वडवणीपासून सहा किलोमीटरवरच्या या गावात विजयसिंह सगळ्यात मोठे बागायतदार, शिवाय निवडणुकीला इच्छुक. इच्छुक हे पद त्यांनी गेली बारा वर्षं निष्ठेनं सांभाळलं होतं. त्या दिवशी ते वावरात गेले, तर वेलीच्या पानापानावर बारीक ठिपके. पांढुरके, तांबूस. कुणीतरी सुईनं टोचून टोचून पानातला हिरवा रंग काढून घ्यावा तसे.

"तणनाशक मारलंय," विजयसिंहांनी निकाल दिला. तपास त्यानंतर सुरू झाला.

साक्षीदार लगेच मिळाला. गवताचा भारा घेऊन निघालेली रतनबाई म्हणाली, "शनवारी भर दुपारी गहिनीनाथ धुऱ्यानं चालल्ता. पाठीवर पंप हुता. म्या बगितलं."

गहिनीनाथ हा गावचा मेंढपाळ. उन्हाळ्यात तो ज्याच्या वावरात मेंढरं बसवतो, त्या वावराला लेंडीखत मिळतं आणि त्याच्या घरात ज्वारी येते. दरवर्षी पहिला मान विजयसिंहांच्या वावराचा. यंदा मात्र विजयसिंहांनी परदेशी द्रवखताच्या बाटल्या आणल्या होत्या आणि "लेंड्यांचा जमाना गेला बे" असं चारचौघांत सांगून गहिनीनाथाला परत पाठवलं होतं. म्हणजे राग होता, पंप होता, दुपार होती. फाशीला आणखी काय लागतं?

असं ठरलं की गुरुवारी पारावर बैठक. तोवर दुसरा कुणी सापडला नाही, तर गहिनीनाथाच्या मेंढरांना गावात वावरही बंद आणि हौदावर पाणीही बंद. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. त्या बाजूला पाणी असलेला पुढचा हौद वीस किलोमीटरवर. मेंढरं कशीबशी गेली असती. पण कळपात पंधरा दिवसांची तेवीस कोकरं होती, आणि बेचाळीस डिग्रीत ती वीस किलोमीटर चालणार नाहीत हे गावात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

पंचनाम्याला योगिता आल्या. मूळच्या चकलांब्याच्या, नोकरीत अकरा वर्षं. परवापर्यंत त्या कृषी सहायक होत्या, आता सहायक कृषी अधिकारी झाल्या होत्या. शब्दांची जागा बदलली होती, स्कूटी तीच होती.

"मॅडम, लिहा," विजयसिंह म्हणाले. "अज्ञात इसमानं, म्हंजे गहिनीनाथनं..."

"अज्ञात की गहिनीनाथ?"

"अज्ञातच लिहा. कंसात गहिनीनाथ."

योगितांनी काहीच लिहिलं नाही. त्या सरीत उकिडव्या बसल्या. जुन्या पानांवर ठिपके होते, शेंड्याची कोवळी पानं स्वच्छ होती. आणि मल्चिंगच्या प्लॅस्टिकच्या भोकातून दोन पानांच्या मधोमध गाजरगवत डोकं काढून उभं होतं, पाहुण्यासारखं ताजंतवानं.

"भाऊ, तणनाशक मारलंय म्हणता?"

"शंभर टक्के."

"मग टरबुजाला लागलं आणि तणाला लागलं नाही, असं तणनाशक कुठल्या दुकानात मिळतं?"

विजयसिंहांनी विषय बदलला. "वाऱ्यानं उडालं असंल इकडं."

योगितांनी वर बघितलं. शेतातल्या खोलीवर विजयसिंहांच्या पक्षाचा झेंडा होता. तो काठीला असा चिकटून बसला होता की पक्ष कोणता तेही कळेना. "वारं कधीपासून पडलंय?"

"झाले की सहा-सात दिवस. ढगाचा टिपूस न्हाई, पान हालंना. लई उकडायलंय."

वावराच्या टोकाला चार सऱ्या उशिरा लावलेल्या होत्या. त्यांच्यावर अजून पांढरं क्रॉप कव्हर होतं, मच्छरदाणीसारखं, चारी बाजूंनी मातीत दाबलेलं.

"हे मध्ये कधी उघडलं होतं?"

"लावल्यापास्नं न्हाई. फुलं लागली की काढणार."

कापडावर फवाऱ्याचा एक डाग नव्हता. कडेची माती सुकून दगड झाली होती. योगितांनी ती खुरप्यानं फोडली, कव्हर वर केलं.

आतल्या पानांवरही तेच ठिपके होते.

२

"ड्रीपमधून सोडलं," विजयसिंहांनी मंगळवारी सकाळी फोन केला. रात्रभर विचार केलेला आवाजावरून कळत होता. "विहिरीत विष टाकलं, ड्रीपमधून आत गेलं. आता लिहा मॅडम, कंसात आप्पाराव."

आप्पाराव हे शेजारचे शेतकरी. दोघांच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चौदा वर्षं वाद होता. वादाची जागा दीड फूट होती. त्यावर दोन्ही बाजूंनी जितक्या तारखा झाल्या होत्या, तितकं गवतही त्या धुऱ्यावर कधी उगवलं नव्हतं.

आप्पारावांनी योगितांचं स्वागत फार चांगलं केलं. इतकं चांगलं, की त्यांनी स्वतः बाज उचलून आणली आणि मॅडमची पाठ वावराकडे होईल अशी टाकली.

"चहा हितंच घ्या. वावरात काय बघायचंय, ऊन लई हाय."

"शनिवारी तुम्ही कुठं होता, आप्पाराव?"

"घरीच. आन् मॅडम, म्या मारलं असतं, तर ठिपके पडले असते का? म्या मारलं असतं तर वेल उरला नसता. आपलं काम असं अर्धवट नसतं."

हा बचाव योगितांना पटला. त्या चहा पिऊन उठल्या आणि सरळ वावरात शिरल्या. आप्पाराव "मॅडम, साप हाय तिकडं" म्हणत मागून धावले. साप नव्हता. उन्हाळी भुईमूग होता आणि त्याच्या पानापानावर बारीक तांबूस ठिपके होते.

आप्पारावांनी टोपी काढून हातात घेतली.

"कधीपासून?"

"चार-पाच दिस झाले. त्याच्या आदीपास्नं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू, मॅडम? त्याच्या टरबुजावर डाग, माझ्या भुईमुगावर डाग. गाव म्हणंल, आप्पाराव मारायला गेला आन् निम्मं स्वतःच्याच वावरावर मारून आला. चोरातबी निघायचं आन् येड्यातबी. चोर म्हणलेलं चालंल एक वेळ."

विहीर? आप्पारावांची विहीर वेगळी, ड्रीप वेगळं. विष पाण्यातून गेलं नव्हतं.

योगिता त्या दिवशी आणखी पाच वावरं फिरल्या. पाचही ठिकाणी चहा वावराकडे पाठ करून मिळाला. पाचही वावरांत ठिपके होते. एकानं नजर लागली समजून काळी बाहुली टांगली होती. एकानं ठिपक्यांना शेण फासून ठेवलं होतं. आणि एक जण ठामपणे म्हणाला की हे वाणच ठिपक्याचं आहे, दुकानदारानं तसं सांगूनच दिलं होतं. आपल्या एकट्याचंच वावर बिघडलं, अशी प्रत्येकाची समजूत होती आणि ती अब्रूनं जपली जात होती.

संध्याकाळी योगितांनी हिशोब मांडला. सात शेतकरी, सात वेगळ्या विहिरी, चौतीस एकर. एका पाठीवरच्या पंपानं एवढं फवारायला माणसाला दोन आठवडे लागतात. आणि ते कव्हरखाली कसं फवारायचं, हे दोन आठवड्यांतही सुचत नाही.

तरी एक प्रश्न उरत होता. शनिवारी गहिनीनाथ तो पंप घेऊन तिथं काय करत होता?

३

"सांगनार न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

बुधवारची सकाळ. बाभळीच्या सावलीत मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. कोकरं तेवढी उनाडत होती.

"दादा, उद्या बैठक आहे. तुमचं पाणी बंद करतील."

"ठाव हाय."

"कोकरं चालतील का वीस किलोमीटर?"

गहिनीनाथानं एक कोकरू उचललं, त्याचे खूर बघितले आणि खाली ठेवलं. "न्हाई."

"मग बोला की."

"बोललो तर दुसऱ्याचं नाव निगतं. त्या मानसानं आमचं कधी वाईट केल्यालं न्हाई." मग तो खोकला, घसा खाकरला. "ह्यो घसाबी कसा झालाय बगा. सकाळी बरा आस्तो. दुपारी तीनला खवखवतो, डोळे चुरचुरतात. मेंढरंबी तव्हाच ढासतेत. दिवस बुडला की मोकळं. मागल्या पंदरवड्यात दोन दिस आभाळ आल्तं, तव्हा कायबी न्हवतं."

"आभाळ आलं की थांबतं?"

"व्हय. पूर्वी आसं उनाळ्यात चार-दोन दिस व्हायचं. आता ऊन पडलं की पडलं, हालतच न्हाई. आमी आभाळाखालीच राहतो, मॅडम. आमाला कळतं."

योगितांनी हे वहीत लिहून घेतलं. पंचनाम्यात त्या आठवड्यात लिहिलेलं हे पहिलं वाक्य.

परतताना त्यांना हाक आली ती विजयसिंहांच्या घरामागच्या लिंबाच्या बागेतून. विजयसिंहांच्या आई, छबुबाई. वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीतला.

"ये पोरी, हिकडं ये. इज्या घरी हाय का बगून ये आदी."

"नाहीत. वडवणीला गेलेत, पत्रकार परिषद आहे."

"बरं झालं. बस." छबुबाईंनी आवाज कमी केला. म्हणजे फक्त अर्ध्या गावाला ऐकू जाईल इतका. "पंप म्या दिल्ता. गहिनीनाथच्या मेंढरास्नी गोचीड झाल्ती, औषध मारायला त्याच्याकडं पंप न्हवता. आमच्या खोलीतला दिला. शनवारी त्यो परत द्याया आल्ता."

"मग हे त्यानं सांगितलं का नाही?"

"कारन पंपाच्या बदल्यात त्यानं माझ्या लिंबात मेंढरं बसवली. तीन दिस. मागल्या म्हयन्यात, इज्या शिबिराला गेल्ता तव्हा."

योगितांनी बाग बघितली. लिंबाची झाडं अशी हिरवीगार होती की डोळे निवत होते. हीच ती बाग. विजयसिंहांनी परदेशी द्रवखताची कमाल म्हणून तिचे फोटो जिल्हाभर पाठवले होते. कंपनीच्या मेळाव्यात त्यांनी तिच्यावर वीस मिनिटं भाषणही केलं होतं.

"आणि ते द्रवखत?"

"गोठ्यात हाय. शील फोडल्यालं न्हाई," छबुबाई म्हणाल्या. "वास लई घान मारतो. पर इज्याला सांगू नको. लेकराचं नाक जाईल."

म्हणजे पंपात गोचिडाचं औषध होतं आणि गहिनीनाथ निर्दोष होता. पण हे गावाला सांगायचं तर छबुबाईंना मध्ये आणायला हवं होतं. आणि गाव विचारणार होतंच: त्यानं नाही, आप्पारावनं नाही, तर मग कुणी?

४

योगितांना कृषी महाविद्यालयातल्या पुस्तकातलं एक प्रकरण आठवत होतं. म्हणजे ते वगळल्याचं आठवत होतं. 'हवेतील वायूंमुळे होणारे पिकांचे विकार.' परीक्षेला येत नाही म्हणून सगळ्या वर्गानं सोडून दिलेलं. त्यात जुन्या पानांच्या वरच्या बाजूला पडणाऱ्या ठिपक्यांचा एक काळापांढरा फोटो होता.

त्या तडक शाळेवर गेल्या. शाळेच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॉलेजनं हवा मोजायची पेटी बसवली होती. तशीच एक चौसाळ्याला, हायवेच्या कडेला. पेटीचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि त्यानंतर गच्चीवर फक्त पापड वाळले. पेटीवर कागद चिकटवला होता: 'मशीन बिघडले आहे.'

"कागद मीच लावलाय," विज्ञानाचे सोमनाथ सर म्हणाले. "तीन पत्रं लिहिली. काही उत्तर नाही."

"बिघडलंय कशावरून?"

"अहो, चौसाळ्याला दिवसभर ट्रक. ओझोनचा आकडा तिथं कमी. आपल्याकडं दिवसाला दोन बस आणि एक टमटम. इथं आकडा दुप्पट! हे शक्य आहे का? गावाची बदनामी नको म्हणून कागद लावला."

"आकडे आहेत?"

सर शिस्तीचे होते. बिघडलेल्या मशीनचेही आकडे त्यांनी रोज उतरवून ठेवले होते. योगितांनी वही उघडली. सकाळी कमी. अकरानंतर चढ. दुपारी तीनला शिखर. दिवस मावळला की उतार. गेले आठ-नऊ दिवस रोज तोच डोंगर, रोज थोडा उंच. त्याच्या मागच्या पंधरवड्यात फक्त दोन दिवस ओळ सपाट होती.

"सर, ह्या दोन दिवशी काय झालं होतं?"

सरांनी शेजारच्या रकान्यात बोट ठेवलं. हवामान तेही लिहायचे. "ढगाळ. जोराचा वारा."

"म्हणजे बिघडलेलं मशीन ढग आले की दुरुस्त होतं?"

 सोमनाथ सरांनी नखानं कागदाचा कोपरा उचकटला आणि हळूच सगळा कागद काढून खिशात घातला.

५

गुरुवारी सकाळी पारावर गाव जमलं. विजयसिंहांनी बुधवारच्या पत्रकार परिषदेत 'विरोधकांचा भ्याड हल्ला' असं जाहीर केलेलं होतं, त्यामुळे आता हल्लेखोर मिळणं गरजेचं होतं. गहिनीनाथ कडेला उभा होता. एक कोकरू त्यानं घोंगडीत आणलं होतं. ते मधूनमधून ओरडत होतं आणि दर वेळी कुणीतरी दुसरीकडे बघत होतं.

योगिता उभ्या राहिल्या. "आधी एक विचारते. ज्यांच्या ज्यांच्या वावरात ठिपके आहेत, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. फक्त कोकरू ओरडलं.

मग आप्पारावांनी टोपी काढली आणि टोपीसकट हात वर केला. "हाय. माझ्या भुईमुगाला. काय करायचं ते करा."

"आरं, तुलाबी?" मागून कुणीतरी ओरडलं. आणि मग हात वर यायला लागले. योगितांनी सात मोजले होते, पारावर अकरा निघाले. काळी बाहुलीवाला तर हसायलाच लागला.

"अकरा वावरं, पाणी वेगवेगळं," योगिता म्हणाल्या. "तण जिवंत. बंद कव्हरखालीही ठिपके. म्हणजे जे गेलं ते हवेतून गेलं. कापडातून हवाच जाते. पानाच्या बारीक तोंडातून ते आत शिरलं. त्याचं नाव ओझोन."

"मॅडम," विजयसिंह समजुतीनं म्हणाले, "ओझोन वर असतो. आभाळात. आमाला आठवीला होता."

"वर असतो तोवर आपलं रक्षण करतो, भाऊ. खाली उतरला की वावर खातो."

"पुढाऱ्यावानी," मागून आवाज आला. कुणाचा ते कळलं नाही, चौकशीही झाली नाही.

"पर हितं आला कुटून? हितं ट्रक कुटं हायेत?"

"ऊस एका जागी तुटतो, गूळ दुसऱ्या जागी होतो. इथला रस म्हणजे धूर: चौसाळ्याच्या हायवेचा, बीडच्या गाड्यांचा, वीटभट्ट्यांचा, जाळलेल्या पाचटाचा. पश्चिमेकडून तो हळूहळू इकडं सरकतो. वाटेत उन्हाचं चुलाण पेटलेलं. आकाश मोकळं, पारा बेचाळीसला, वारं पडलेलं, म्हणजे कढईवरून वाफ उडवायलाही कुणी नाही. तो दिवसभर कढतो आणि दुपारी तीनला आपल्या गावात उतरतो. चौसाळ्याला कमी, कारण ताजा धूर ओझोनलाच खाऊन टाकतो. ढग आले की चुलाण विझतं. हे मशीननं सांगितलं, आणि मशीनच्या आधी गहिनीनाथदादांच्या घशानं सांगितलं. असे दिवस जितके सलग, तितका रस घट्ट. गुन्हेगार कोण म्हणाल, तर तो रोज सकाळी सहाला गुन्ह्याच्या जागी येतो. आत्ताही तुमच्या डोक्यावर आहे."

सगळ्यांनी वर बघितलं आणि डोळे मिचकावून खाली बघितलं.

विजयसिंहांचा चेहरा उतरला. नुकसान त्यांनी सोसलं असतं, पण ज्याच्यावर हल्लाच झाला नाही अशा इच्छुकाला विचारतो कोण? त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "मग शनवारी ह्यो पंप घेऊन कावून फिरत हुता?"

"मेंढरास्नी गोचीड झाल्ती," गहिनीनाथ म्हणाला.

"पंप कुनाचा?"

गहिनीनाथानं घोंगडीतल्या कोकराकडं बघितलं. योगितांनी वहीत बघितलं. आणि बायकांच्या बाजूनं पंचविशीतला आवाज आला.

"आपला."

विजयसिंह वळले. "माय, तू दिला? फुकट?"

"फुकट कशाला? लिंबात तीन दिस मेंढरं बसवून घेतली."

 विजयसिंहांच्या डोळ्यांपुढून ते फोटो गेले असावेत, आणि ती वीस मिनिटं. त्यांनी गावाकडे बघितलं. गाव फार काळजीपूर्वक जमिनीकडे बघत होतं, कारण तीन दिवस लिंबात बसलेली दीडशे मेंढरं विजयसिंह सोडून सगळ्यांनी बघितली होती.

"बाटल्या?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"गोठ्यात," छबुबाई म्हणाल्या. "वापस घेत असतील तर बग."

पहिल्यांदा हसले ते आप्पाराव. मग चौदा वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं, विजयसिंहही हसले. "पानी पाज बे मेंढरांना," ते गहिनीनाथाला म्हणाले. "आन् पुढल्या हप्त्यात टरबूज निघालं, की माझ्या वावरात बसव. कुनाला सांगू नको."

हे शेदीडशे माणसांसमोर बोलले गेले.

टरबूज जरासं लहान निघालं, पण गोड होतं. दुसऱ्या दिवशी मेंढरं वावरात शिरली आणि चार दिवसांत त्यांनी ठिपक्यांचे सगळे वेल मुळापर्यंत खाल्ले. पुराव्याचं एक पान उरलं नाही. कोकरं हौदाभोवती उड्या मारत होती. सोमनाथ सरांनी चौथं पत्र लिहून आधीची तीन मागे घेतली आणि पापड गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवले. आठवड्याच्या शेवटी आभाळ भरून आलं, वारं सुटलं, पेटीतला आकडा खाली आला आणि गहिनीनाथाचा घसा मोकळा झाला.

योगितांनी अहवाल पाठवला. कारण: ओझोन. तो चार दिवसांत परत आला, कारण संगणकावरच्या यादीत ओझोन नव्हता. त्यांनी पुन्हा पाठवला. या वेळी तो मंजूर झाला. वरच्या ऑफिसात कुणीतरी यादीतलं जवळचं कारण निवडलं होतं.

लिंबारवाडीतल्या त्या अकरा वावरांचं नुकसान रेकॉर्डवर रानडुकरांनी केलेलं आहे.